जुबेरची मोठ्या आवाजाची झांज

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असेल तर ते लग्नाच्या वरातीतच, आणि तेही दुरून. बँडच्या गाडीवर ड्रम सेट मांडलेला असतो. त्याच्या उजव्या अंगाला उंच दांडीवर ताटाएवढी एक पिवळी चकती लटकते. इतर झांजांची कड खाली उतरते, हिची मात्र शेवटी वर वळलेली असते. ती मी. माझ्या जातीला वाजवणारे ‘चायना’ म्हणतात. आता मी जुनी झाले आहे. नंदुरबारमधल्या एका लहानशा घरात खिळ्याला टांगलेली असते आणि मला कोणी वाजवत नाही. त्याची तक्रार करायला मी आज बोलत नाही. मला कोणी वाजवत नाही हे बरेच झाले, असे मला मनापासून वाटते. असे का वाटते, ते सांगते.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. तांबे आणि कथील वितळवून माझी चकती ओतली. भट्टीत लाल करून मला लाटले आणि मग हातोडीने ठोकून ठोकून आकार दिला. ठोकणाऱ्या कारागिरांच्या कानांत कापसाचे बोळे असत. त्यांना थंडी वाजत असेल, असे मला तेव्हा वाटायचे. मी नवी होते, मला काय कळणार?

तिथून मी नंदुरबारच्या बाजारात एका वाद्यांच्या दुकानात आले. माझ्या शेजारच्या खिळ्यावर आणखी एक चायना टांगलेली होती. ती माझ्याहून लहान आणि पातळ होती. तिला काठी लागली की ‘छस्स्’ असा मऊ आवाज उठे आणि बराच वेळ गुंजत गुंजत विरून जाई. माझा आवाज म्हणजे पत्र्याच्या छपरावर धोंडा पडावा तसा. ‘छ्यांक्!’ दुकानदार मला सहसा वाजवून दाखवत नसे.

एके दिवशी दोन मित्र दुकानात आले. एक होता जुबेर. तो ड्रम वाजवायचा आणि लग्नसराई नसली की घरांना रंग देण्याचे काम करायचा. दुसरा हेमराज. त्याच्या घरची सारंगखेड्याजवळ शेती होती, पण त्याचा जीव कीबोर्डमध्ये अडकलेला. दोघांनी मिळून नुकताच स्वतःचा बँड काढला होता आणि त्यांना ड्रमसाठी एक चायना घ्यायची होती.

हेमराजने शेजारणीला हलकेच वाजवले. “हाई लहान ले, भो. हिना आवाज गोड शे. कानले लागत नही.”

जुबेरने वाकून तिच्याजवळ कान नेला. एकदा वाजवले, पुन्हा वाजवले. मग त्याने कपाळाला आठी घातली. “हिनामा जीवच नही. वाजस आनि लगेच मरी जास.”

“लगेच? अरे, अजून गुंजी ऱ्हायनी ती!” हेमराज आश्चर्याने म्हणाला.

ती खरेच गुंजत होती. शेजारच्या खिळ्यावर मला तिची थरथर जाणवत होती. जुबेर मात्र केव्हाच ताठ उभा राहिला होता. त्याने काठी उचलली आणि माझ्यावर जोरात हाणली. दुकानदाराच्या हातातला चहा सांडला. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थांबून आत पाहू लागल्या. जुबेरचा चेहरा उजळला.

“हाईच पाहिजे!” तो म्हणाला.

त्याला ते गुंजणे का ऐकू आले नाही, असा प्रश्न मला पडला नाही. दोघींमधून माझी निवड झाली, या आनंदात मी फुगले होते. पिशवीत जाता जाता मी शेजारणीकडे जरा तोऱ्यानेच पाहिले.

मग माझे वैभवाचे दिवस सुरू झाले. आमची गाडी शहाद्याला गेली, तळोद्याला गेली, अक्कलकुव्याला गेली. गाण्याचा जोर चढला की जुबेर माझ्याकडे वळायचा. मी ओरडले की नाचणारी पोरे हात वर करून किंचाळायची. खापर गावातल्या एका लग्नात गुजरातहून आलेले पाहुणे गाडीला आडवे झाले आणि “फरी एक वार!” म्हणत मलाच पुन्हा पुन्हा वाजवायला लावू लागले. कुणीतरी माझा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. त्यानंतर लोक बँड ठरवायला आले की विचारत, “ती मोठ्या आवाजाची झांज आणणार ना?” जुबेर घरी आल्यावर मऊ फडक्याने माझ्यावरचे बोटांचे डाग पुसायचा. मी स्वतःला गाडीची राणी समजत होते.

माझी कड जुबेरच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर असायची. तेव्हा मला त्यात काही वावगे दिसले नाही.

हेमराजला दिसले. एकदा त्याने कानात घालायची रबराची बोंडे आणून जुबेरच्या हातावर ठेवली. “हाई कानमा घालीसन वाजव.”

“मंग माले ताल कसा समजी?” जुबेर हसला आणि त्याने ती बोंडे स्क्रू-पाने ठेवायच्या डब्यात टाकून दिली. ती तिथेच राहिली.

बँडची गाडी उघड्या मैदानात उभी असायची. त्यामुळे जुबेर मला कापडी पिशवीत घालून घरी न्यायचा आणि खिळ्याला टांगायचा. त्यामुळे मी त्याच्या घरालाही ओळखू लागले. त्याची बायको हलीमा दिवसभर शिलाई मशीन चालवायची. मशीनच्या खडखडाटात बोलून बोलून तिचा आवाज खणखणीत झाला होता. त्यांची एकुलती एक मुलगी आफशीन तिसरीत होती. तिचा आवाज मात्र फार बारीक. शाळेतून आली की दप्तर न काढताच ती अब्बाला सगळे एका दमात सांगायची. कोण पडले, कोणाच्या डब्यात काय होते, बाई कोणावर रागावल्या.

सुरुवातीला जुबेर विचारायचा, “काय? परत सांग.” ती परत सांगायची. तो पुन्हा विचारायचा, “काय?” पुढे पुढे त्याला ते विचारायची लाज वाटू लागली असावी. त्याने एक युक्ती शोधली. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहायचा. ती हसली की तोही हसायचा. ती थांबली की मान डोलवून म्हणायचा, “हां हां, बेटा.” हलीमाच्या मोठ्या आवाजाला तो नीट उत्तर द्यायचा, म्हणून तिला काही कळले नाही. आफशीनलाही कळले नाही. मला कळले.

वरातीहून आल्यावर तो कितीदा तरी तळव्याने उजवा कान दाबून बसायचा. त्याच्या कानात काहीतरी वाजत राहायचे, आणि ते थांबावे म्हणून तो डोके हलवायचा. मित्रांनो, तो माझाच आवाज होता. मी केव्हाच गप्प झालेली असायचे, पण त्याच्या कानात मी ओरडतच असायचे. दुकानात त्याला शेजारणीचे गुंजणे का ऐकू आले नव्हते, ते मला त्या वेळी उमगले. त्याचे कान तेव्हाच थकू लागले होते. म्हणून तर त्याने सगळ्यांत मोठा आवाज निवडला होता. आणि उरलेसुरले ऐकणे मी एकेका ठोक्याने नेत होते. तो मला प्रेमाने पुसायचा तेव्हा मला तोंड लपवावेसे वाटे. पण झांजेला तोंड कुठून आणायचे?

गेल्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत एका घोडेवाल्याने आपल्या घोडीचा नाच दाखवण्यासाठी आमचा बँड बोलावला. आफशीनला घोडे पाहायचे होते. तिने खूप हट्ट केला, म्हणून जुबेरने तिला बरोबर घेतले. पिवळा फ्रॉक घालून ती गाडीत त्याच्या मांडीवर बसून आली.

घोडी सुंदर नाचली. माझ्या एकेका ठोक्यावर तिने पाय उचलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर जुबेरने मला दांडीवरून काढले, पिशवीत घातले आणि पिशवी खांद्याला अडकवली. आजूबाजूला नुसता गोंगाट होता. आकाशपाळण्यांवर लावलेली गाणी, भोंगे, घोड्यांचे खिंकाळणे. तेवढ्यात आफशीन धावत आली. तिच्यासोबत घोडेवाल्याची मुलगी होती.

“अब्बा, मी हिनासंगे शिंगरू पाहाले जाऊ का? नदीजोडे शे ते.”

मी तिचा शब्दन् शब्द ऐकला. जुबेरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. ती हसत होती. तोही हसला आणि मान डोलवली. “हां हां, बेटा.”

ती पळाली. तो वायरी गुंडाळत बसला.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. “आफशीन कोठे गई?”

“तुन्हाजोडे व्हती ना ती?” हेमराज म्हणाला.

दोघे दोन दिशांना धावले. घोडेवाल्याची मुलगी तर केव्हाच परत आली होती. ती म्हणाली, गर्दीत आमचा हात सुटला. जुबेरने घोड्यांच्या रांगा पालथ्या घातल्या. खोगिरांची दुकाने पाहिली, मिठाईची पाहिली, पाळण्यांखाली वाकून पाहिले. मी त्याच्या पाठीवर आपटत होते. एका खांबाखाली थांबून त्याने एका बांगडीवालीला विचारले, “पिव्वा फ्राकवाली पोर देखी का? इतलीशी शे.”

आणि त्याच वेळी त्या खांबावरचा भोंगा बोलू लागला. “नंदुरबारची आफशीन नावाची मुलगी यात्रेच्या मंडपात सुखरूप आहे. तिचे वडील जुबेरभाई बँडवाले यांनी मंडपात यावे. जुबेरभाई बँडवाले...”

बांगडीवालीने वर भोंग्याकडे बोट दाखवले. जुबेरने वर पाहिले. त्याला आवाज ऐकू येत होता, पण त्या आवाजातले शब्द त्याला कळत नव्हते. त्या घोगऱ्या गलबल्यात आपल्या मुलीचे नाव आहे, हे त्याला समजले नाही. तो तापीच्या दिशेने पळत सुटला.

मित्रांनो, भोंग्याच्या आवाजाने माझे अंग थरथरत होते. पिशवीत मी बारीक बारीक वाजत होते. थांब, जुबेर, ती सापडली आहे, मागे फिर! पण मला बोलता कुठे येते? आणि मी वाजत होते तेही त्याला ऐकू येत नव्हते. ते मीच केले होते.

नदीवर घोड्यांना आंघोळ घालत होते. पाण्यात काहीतरी पिवळे तरंगताना दिसले. जुबेर बूट-कपड्यांसह पाण्यात शिरला. मीही त्याच्याबरोबर भिजले. ते घोड्याच्या पाठीवरचे फडके होते. ते हातात धरून तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि मोठमोठ्याने रडू लागला.

हेमराजने येऊन त्याला दंडाला धरून उठवले. “अरे जुबेर, बठ्ठी यात्रामा तुन्हं नाव पुकारी ऱ्हायनात! पोर मंडपमा शे! तुले ऐकू येत नही का?”

“काय?” जुबेर म्हणाला.

तेव्हा हेमराजच्या ध्यानात आले. मग त्याने जुबेरचे तोंड आपल्याकडे वळवले आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला. “पोर. सापडनी.”

मंडपात आफशीन एका बाकड्यावर बसली होती. तिच्या ओंजळीत भाजलेल्या शेंगा होत्या. त्या तिला फुलीबाईने दिल्या होत्या. फुलीबाई डोंगरातल्या एका गावाहून यात्रेत शेंगा विकायला आली होती. “पोर रडी ऱ्हायनी व्हती,” ती म्हणाली. “पन बापनं नाव बराबर सांगं तिनी. मंग मी आठे लई उनू.”

जुबेरने मुलीला छातीशी धरले. भोवतालचे लोक आफशीनला समजावू लागले. असे न विचारता जाऊ नये बाळा, वडील किती घाबरले.

“मी इचारं व्हतं,” आफशीन म्हणाली. “अब्बा हां बोलनात.”

सगळ्यांनी जुबेरकडे पाहिले. हे वाक्य त्याला ऐकू आले, कारण तिचे तोंड त्याच्या कानाशीच होते. आपण नुसतीच मान डोलवली होती, ते त्याला आठवले. पिशवीच्या पट्ट्यावर त्याची मूठ घट्ट झाली, ते मला जाणवले. ऐकू न येणाऱ्या ड्रमवाल्याला लग्नाला कोण बोलावणार? त्याने नजर खाली घातली.

“माले नही इचारं तिनी,” तो म्हणाला.

आफशीन त्याच्याकडे पाहतच राहिली. ती रडली नाही. तिने मुठीतल्या शेंगा फुलीबाईच्या टोपलीत परत ठेवल्या आणि गाडीकडे चालू लागली. परतीच्या वाटेवर ती त्याच्या मांडीवर बसली नाही.

घरी हलीमाने तिला आधी एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरून ती रडली. “एक तं न इचारता गई, नि वर झूट बोलनी!” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. जुबेर दारात उभा होता. त्याने तेव्हाही खरे सांगितले नाही.

त्या दिवसापासून आफशीनने अब्बाला शाळेतले काही सांगितले नाही. ती माझ्या खाली बसून मुकाट्याने गृहपाठ करायची. तो तिच्याकडे पाहून हसायचा, तेव्हा ती वहीत पाहायची. तो कामाला जाताना मला खांद्याला लावायचा, पण आता फडक्याने पुसत नसे. वाजवताना त्याचा हात माझ्यापाशी येऊन अडखळायचा. अपराध दोघांचा होता आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहणे टाळत होतो.

एका दुपारी शेजारच्या बाई बाजारात निघाल्या होत्या. आफशीनला त्यांच्याबरोबर जायचे होते. हलीमा मशीनवरून म्हणाली, “जाय, अब्बाले इचार.”

“तूच इचार अम्मी,” आफशीन म्हणाली. “मी इचारं तं ते म्हनतीन, इचारंच नही.”

“आखो तेच झूट?” हलीमा उठली आणि तिने हात उगारला.

जुबेर कोपऱ्यात रंगाचे ब्रश धूत होता. बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते. त्याला फक्त उगारलेला हात दिसला, आणि मुलीचा चेहरा दिसला. तो धावत मध्ये आला. त्याच्या हातांतून निळा रंग जमिनीवर गळत होता.

“मारू नको तिले. ती खरं बोलनी व्हती.”

हलीमा थांबली.

“तिनी माले इचारं व्हतं. माले ऐकू उनं नही. मी न ऐकताच हां करं.” तो भराभर बोलत होता, थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही, असे. “कितला दिनफाईन माले बारीक आवाज ऐकू येत नही. तुम्हले सांगाले लाज वाटे. भोंगावर मन्हं नाव पुकारी ऱ्हायंतात, तेभी समजनं नही. नि मंडपमा मी खोटं बोलनू. बठ्ठासमोर पोरले खोटी पाडी.”

मग तो आफशीनपुढे जमिनीवर बसला. “माफ कर, बेटा. तू खोटी नही. मी खोटा.”

आफशीन हळूच काहीतरी बोलली. तो म्हणाला, “काय?”

ती जवळ आली. तिने दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला, आपल्याकडे वळवला आणि सावकाश म्हणाली, “मी तठे तुम्हले कितल्या हाका मार्‍यात.”

हे त्याला ऐकू आले. हलीमा पदराने डोळे पुसत मशीनवर जाऊन बसली, पण तिने मशीन चालवली नाही.

पुढच्याच आठवड्यात हेमराज त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर काय म्हणाले, ते त्याने घरी येऊन हलीमाला सांगितले तेव्हा मी ऐकले. गेलेले ऐकणे परत येणार नव्हते. उरलेले मात्र जपता येणार होते. जुबेरच्या कानामागे आता एक छोटे यंत्र असते. तो अजूनही ड्रम वाजवतो, पण निवडक ठिकाणी, यंत्र काढून आणि कानांत बोंडे घालून. माझी दांडी गाडीवर रिकामी असते.

मध्यंतरी हेमराज मला मागायला आला होता. खापरला लग्न होते आणि त्यासाठी दुसरा ड्रमवाला ठरला होता. “लोके चायना मांगतस, भो! तू नही वाजत तं त्याले दे!” तो सवयीने ओरडून बोलत होता.

“हळू बोल ना, यंत्र शे कानमा,” जुबेर म्हणाला. दोघेही हसले. मग जुबेर गंभीर झाला. “हाई मी कोनलेच देवाव नही. मन्हा गयात तितला कान बस.”

हेमराज रिकाम्या हाताने गेला. एखाद्या वस्तूला असे ऐकून दुःख व्हायला हवे होते. मला मात्र हायसे वाटले. आणखी एका माणसाचे नुकसान माझ्या हातून होणार नव्हते.

आता माझ्यावर हिरवे डाग पडू लागले आहेत. माझ्या खाली रोज संध्याकाळी आफशीन अब्बाला शाळेतले सांगते. परवा ती एका दमात खूप काही बोलली. जुबेर म्हणाला, “नही समजनं. परत सांग.” तिने परत सांगितले. तो म्हणाला, “आखो एकदाव.” तिने त्याच्यासमोर येऊन तिसऱ्यांदा सांगितले. बातमी एवढीच होती, की तिच्या मैत्रिणीच्या बकरीला दोन पिल्ले झाली आणि त्यातले एक संपूर्ण काळे आहे. जुबेरला ते कळले तेव्हा त्याला एवढा आनंद झाला, की तो काळे पिल्लू पाहायला लगेच तिच्याबरोबर निघाला.

मित्रांनो, ढोल वाजवा, ताशे वाजवा, नाचा, पण आपले कान जपा. ते एकदा गेले की कोणत्याही दुकानात दुसरे मिळत नाहीत. तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर त्याच्यावर रागावू नका, त्याला हसू नका. त्याच्यासमोर जाऊन, त्याच्या डोळ्यांत पाहून बोला. आणि ऐकू आले नाही तर ‘परत सांगा’ म्हणायला कधीही लाजू नका.

मला जुबेरची माफी मागायची आहे. आफशीनचीही मागायची आहे. पण माझ्यापाशी आवाजाशिवाय दुसरे काहीच नाही, आणि तो मी त्यांना पुन्हा ऐकवणार नाही. म्हणून मी भिंतीला पाठ लावून गप्प राहते.